तक्रार क्लोज झाली, पण मिटली का?

मागच्या महिन्यात एका मंगळवारी, ऐन मीटिंगमध्ये, अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे माझे वडील. रिटायर झाल्यापासून साताऱ्यात असतात. कामाच्या वेळात ते कधी फोन करत नाहीत, त्यामुळे पोटात गोळाच आला. बाहेर येऊन उचलला तर म्हणतात, "अरे, त्या बँकेचा मेसेज आलाय. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे म्हणे."

"मग चांगलंच झालं की. पैसे आले?"

"पैसे कुठले! पैसे नाहीत. नुसती तक्रार निकाली निघाली."

प्रकरण साधं होतं. अण्णा एटीएममधून दहा हजार काढायला गेले. मशीन खडखडलं, नोटा काही बाहेर आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम वजा. फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला. आठ दिवसांनी 'निकाली'. पुन्हा फोन केला तर "सर, ती कम्प्लेंट क्लोज झाली आहे, नवीन नंबर घ्या." दुसरा नंबर सहा दिवसांनी निकाली. तिसरा नऊ दिवसांनी. शेवटी म्हातारा माणूस स्वतः शाखेत तीन चकरा मारून आला, तेव्हा चौतिसाव्या दिवशी पैसे जमा झाले.

पण त्या मंगळवारी फोन ठेवता ठेवता अण्णा एक वाक्य बोलून गेले. "तुम्ही लोकं पण असलंच काहीतरी करता ना रे कॉम्प्युटरवर?"

मी हसून विषय बदलला. कारण खरं उत्तर 'हो' असं आहे.

त्या बँकेशी माझा काही संबंध नाही. पण तो 'निकाली' मेसेज कुठून येतो, कशासाठी येतो आणि तो गेल्यावर कुठल्या स्क्रीनवरचा कुठला आकडा हिरवा होतो, हे मला झोपेतही सांगता येईल. गेली पाच वर्षं मी तेच करतोय. वेगवेगळ्या क्लायंटना त्यांच्या कस्टमर सर्व्हिसची कामगिरी दाखवणारे कस्टम रिपोर्ट बनवून देणं. डेटा ओढायचा, क्वेरी लिहायची, डॅशबोर्ड रंगवायचा, सोमवारच्या रिव्ह्यूच्या आत मेल करायचा.

आणि या पाच वर्षांनंतर माझं मत असं झालंय की आपण बनवतो त्यातले बहुतेक रिपोर्ट कस्टमरला काय सर्व्हिस मिळाली हे मोजतच नाहीत. कागद टेबलावरून किती लवकर हातावेगळा केला, हे मोजतात. हे चुकून होतं असंही नाही. तसंच मागितलं जातं, आणि आपण मुकाट्यानं करून देतो.

पटत नाही? अण्णांचीच तक्रार आपल्या रिपोर्टमधून काढून बघू. तिकिटं तीन. लागलेले दिवस ८, ६ आणि ९. समजा एसएलए दहा दिवसांचा आहे. म्हणजे तीनपैकी तीन तिकिटं वेळेत, एसएलए शंभर टक्के. सरासरी वेळ ७.७ दिवस. मॅनेजर खूश. एका माणसाचं एकच दुखणं, ते ३४ दिवस चाललं, आणि आपल्या रिपोर्टमध्ये ते तीन यशोगाथा बनून बसलं! बरं, यात कुणी आकडे खोटे भरले का? नाही. प्रत्येक रो खरी आहे. फक्त मोजायचं एकक 'तिकीट' धरलं. 'माणूस' धरलं असतं तर सगळी गंमत उघडी पडली असती.

आता दुसरी गंमत, घड्याळ थांबवण्याची. ज्यांनी कुठलंही तिकिटिंग टूल वापरलंय त्यांना हे माहीत आहे. स्टेटस 'पेंडिंग' केलं की एसएलएचं घड्याळ थांबतं. मुळातला हेतू चांगला आहे. कस्टमरनं बिलाची कॉपीच पाठवली नाही तर बिचाऱ्या एजंटनं काय करायचं? पण एकदा का ते बटण हाताशी आलं की ते कशासाठीही दाबलं जातं. मुदत संपायला एक तास उरलाय? "कृपया आपला नोंदणीकृत मोबाईल नंबर कळवा" असा एक मेल टाकायचा (नंबर सिस्टममध्ये आहेच) आणि स्टेटस पेंडिंग. घड्याळ थांबलं. कस्टमरचं कुठे थांबतंय? तो बसलाय भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

यात तंत्राची अडचण आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. झेंडेस्कसारख्या तयार टूलमध्येसुद्धा एजंटच्या कामाचा वेळ आणि तक्रारदाराच्या वाट बघण्याचा वेळ ही दोन वेगळी मापं मिळतात. तिकीट तिसऱ्याच पार्टीकडे अडकून 'होल्ड'वर गेलं तर पहिलं थांबतं, दुसरं चालू राहतं. म्हणजे दुसरं घड्याळ कपाटात पडलेलं आहे. रिव्ह्यूच्या स्लाईडवर मात्र पहिलंच का येतं, हा प्रश्न तंत्राचा नाही, दानतीचा आहे.

तिसरी चलाखी मला सगळ्यात धोकादायक वाटते, कारण ती करणाऱ्यालाही कळत नाही. मी स्वतः दोन वर्षं ती केली. 'या महिन्यात क्लोज झालेल्या तिकिटांचा सरासरी वेळ' असा रिपोर्ट जवळपास सगळीकडे असतो. क्वेरीत एक निरागस ओळ असते, स्टेटस क्लोज्ड आणि क्लोज झाल्याची तारीख या महिन्यातली. आता हिशोब करा. समजा तुमच्याकडे पाच जुनी, चाळीस दिवसांची कुजत पडलेली तिकिटं आहेत. या महिन्यात टीमनं त्यांना हातच लावला नाही, फक्त ९५ नवीन सोपी तिकिटं एकेका दिवसात उरकली. सरासरी एक दिवस. वाहवा! पुढच्या महिन्यात कुणा शहाण्याला दया आली, त्यानं ती पाच जुनी (आता ती ७० दिवसांची झालीत) मनापासून सोडवली, शिवाय ९५ नवीन सोडवलीच. सरासरी किती? ९५ अधिक ३५०, भागिले १००. जवळजवळ साडेचार दिवस. ग्राफ वर गेला, लाल झाला, टीमची खरडपट्टी.

म्हणजे ज्या महिन्यात काम केलं त्या महिन्यात बोलणी खायची आणि ज्या महिन्यात कुजवलं त्या महिन्यात शाबासकी. असं दोनदा झालं की कुठलीही टीम धडा शिकते. जुन्याला हात लावायचा नाही! आणि हा धडा त्यांना कुणी शिकवला? माझ्या क्वेरीतल्या एका ओळीनं. उघडी तिकिटं सरासरीत येतच नाहीत. जो अजून रांगेत ताटकळतोय तो आमच्या दृष्टीनं जन्मलाच नाही.

सरासरी या प्रकाराबद्दल तर बोलायलाच नको. दहा तक्रारी घ्या. नऊ दोन तासांत सुटल्या, एकीला बारा दिवस लागले, म्हणजे २८८ तास. सरासरी येते ३०.६ तास. आता त्या दहा जणांपैकी तीस तास कुणाला लागले? कुणालाच नाही! मिडियन काढली तर दोन तास येते, ती निदान नऊ जणांचं खरं सांगते. आणि दहाव्याचं काय, हे कळायला त्याची रो उघडूनच बघावी लागते. आपण इंजिनिअरिंगला स्टॅटिस्टिक्स शिकलो ते काय फक्त केटी लागू नये म्हणून?

मग मॅनेजर म्हणतात, ठीक आहे, आपण थेट कस्टमरलाच विचारू. या आघाडीवर सगळ्यांचा लाडका प्रकार म्हणजे एनपीएस. फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहून तो मांडला. प्रश्न एकच, आमची शिफारस तुम्ही मित्राला कितपत कराल, शून्य ते दहा. ९ आणि १० देणारे तुमचे भक्त, ७-८ वाले ना इकडचे ना तिकडचे, आणि ० ते ६ वाले सरळ विरोधक. भक्तांच्या टक्क्यातून विरोधकांचे टक्के वजा केले की झाला स्कोअर.

अहो पण हा प्रश्न आमच्या आत्याला विचारून बघा! दहावीला साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास आणि पंचाहत्तर म्हणजे डिस्टिंक्शन, हे डोक्यात घट्ट बसलेली आपली माणसं. "कसं झालंय जेवण?" विचारलं तर "बरं आहे" म्हणणार, आणि त्याचा अर्थ उत्तम असा असतो. असा माणूस खूश होऊन दहापैकी सहा देतो, फर्स्ट क्लास! आणि सिस्टम त्याला विरोधकांच्या यादीत टाकते. म्हणून मग एजंटला सांगितलं जातं की फोन ठेवायच्या आधी बोल, "सर, प्लीज दहा द्या, माझ्या इन्सेंटिव्हचा प्रश्न आहे." कस्टमर दयाळू असतो, देतो. आता तो आकडा सर्व्हिसबद्दल काही सांगतो की एजंटच्या पगाराबद्दल?

हे सगळं मी एसीत बसून लिहितोय, पण दोन वर्षांपूर्वी एक प्रसंग घडला तो सांगायलाच हवा. एका क्लायंटच्या कॉल सेंटरमध्ये दोन रात्री बसून 'फ्लोअर समजून घे' असं मला सांगितलं होतं. दुसरा हेडफोन लावून एका मुलीशेजारी बसलो. विदर्भातली होती, बोलणं एकदम गोड. एका आजोबांचा फोन आला. त्यांना घरातला राऊटर रिसेट करायचा होता आणि ते बटण काही सापडेना. ती शांतपणे सांगत होती, "काका, मागच्या बाजूला बघा, बारीक भोक आहे, टाचणी घ्या." काका टाचणी शोधायला गेले. तेवढ्यात तिच्या स्क्रीनचा कोपरा पिवळा झाला. सहा मिनिटं झाली होती. तिचा आवाज बदलला. काका टाचणी घेऊन परत आले तोवर तिनं "आपला कॉल टेक्निकल टीमकडे ट्रान्सफर करते" म्हणून कॉल पुढे ढकलला होता. म्हणजे काका परत रांगेत, आणि सगळी कहाणी परत पहिल्यापासून.

मी गप्पच होतो. तीच म्हणाली, "सर, ते पिवळं तुम्हीच केलंय का?"

हो. मीच केलं होतं. त्याच्या आदल्या महिन्यात रिक्वायरमेंट आली होती, सरासरी कॉल टाईम वाढतोय, एजंटला रिअल टाईम दिसू दे. अर्ध्या दिवसाचं काम होतं. वर 'छान दिसतंय' असा मेलही आला होता. सात मिनिटांना लाल होतं आणि महिन्यात ठरावीक लाल झाले की इन्सेंटिव्ह कापतात, हे मला त्या रात्री कळलं. त्या मुलीला टाचणीसाठी एक मिनिट थांबायचं होतं. मी थांबू दिलं नाही.

"कॉल सेंटरच्या पिवळ्या कोपऱ्यावरून एवढं काय रडायचं," असं कुणी म्हणेल. मग अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. तिथे माजी सैनिकांसाठी सरकारी दवाखाने आहेत. अपॉइंटमेंट १४ दिवसांत मिळाली पाहिजे असं टार्गेट ठरलं, आणि अधिकाऱ्यांचं मूल्यमापन, बोनस त्याला जोडले गेले. पुढे २०१४ साली ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या दवाखान्याचं बिंग फुटलं. चौकशीत निघालं की सुमारे १७०० माजी सैनिक डॉक्टरची वाट बघतायत, पण त्यांची नावं अधिकृत प्रतीक्षायादीत नाहीतच. तपासणीसाठी घेतलेल्या २२६ जणांच्या नमुन्यात पहिल्या अपॉइंटमेंटची खरी सरासरी ११५ दिवस निघाली. दवाखान्यानं वर कळवलेली होती २४ दिवस. त्या वर्षी मे महिन्यात खात्याचे सेक्रेटरी एरिक शिनसेकी यांना राजीनामा द्यावा लागला. आजारी माणसं यादीबाहेर ठेवली, कारण यादीतलं नाव आकडा बिघडवतं. अगदी आपल्या 'स्टेटस क्लोज्ड' सारखंच.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ साली पैशाच्या धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. पुढे १९९७ मध्ये मॅरिलिन स्ट्रॅदर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ते सोप्या रूपात आणलं. मापाचंच टार्गेट केलं की ते चांगलं माप उरत नाही. आयटीत हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, प्रेझेंटेशनमध्ये टाकतातही. आणि पुढच्याच स्लाईडवर एजंटनिहाय रँकिंग असतं. धन्य!

आता हरकतींकडे येऊ. पहिली हरकत ठरलेली, "मोजलंच नाही तर सुधारणार कसं?" अहो, मोजू नका असं मी म्हणतच नाहीये. मोजण्यावर माझं पोट आहे! मी म्हणतोय की रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या जागी उभं राहून मोजा. डेन्मार्कच्या एर्लांगनं टेलिफोन एक्स्चेंजचं गणित मांडलं, १९१७ साली त्याची प्रसिद्ध सूत्रं आली, आणि आजही कॉल सेंटरला किती माणसं लागतील हे त्यावरूनच काढतात. त्या गणितात प्रश्न काय आहे? फोन करणाऱ्याला किती वेळ थांबावं लागेल. म्हणजे या विद्येची सुरुवातच कस्टमरच्या बाजूनं झालेली आहे. वाट आपण नंतर चुकलो.

दुसरी हरकत, "कस्टमरच्या चुकीचा वेळ आमच्या माथी का?" रास्त आहे. म्हणून दोन घड्याळं शेजारी शेजारी दाखवा. आपलं ४ दिवस, कस्टमरचं २३ दिवस. मधले १९ दिवस कुठे गेले यावर रिव्ह्यूमध्ये बोला. कदाचित खरंच कस्टमरमुळे गेले असतील. पण तो कॉलमच लपवलात तर चोर कोण हे कळणार कधी?

तिसरी हरकत, "प्रॅक्टिकल नाही, नियमात बसत नाही." हे तर अजिबातच खरं नाही. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं एक सर्क्युलर आहे. एटीएममधून पैसे न निघता खात्यातून वजा झाले तर बँकेनं व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते स्वतःहून परत जमा करायचे. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. बघा, यात मोजलंय काय? तक्रार किती वेळात क्लोज केली हे नाही. मेसेज कधी गेला हेही नाही. पैसे कधी आले, बस. हे घड्याळ व्यवहाराच्या दिवशी सुरू होतं आणि पैसे जमा झाल्यावरच थांबतं. मध्ये पेंडिंगचं बटण नाही. एवढी साधी व्याख्या सर्क्युलरमध्ये लिहिता येते, तर आपल्या क्वेरीत का नाही?

(अण्णांना हे माहीत नव्हतं. मी सर्क्युलरचा उल्लेख करून लेखी अर्ज लिहून दिला. चौतीस वजा पाच, २९ दिवसांचे २९०० रुपये महिन्याभरात जमा झाले. न मागता मिळायचे होते ते मागून मिळाले, तेही बरंच म्हणायचं. महिन्यात उत्तर मिळालं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही लक्षात ठेवा. तुमच्याही घरी कुणीतरी अण्णा असतीलच.)

आता नुसती बोंब मारून थांबणं बरं नाही. तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच कुठल्या तरी क्लायंटचे रिपोर्ट बनवत असाल. पुढचा बनवाल तेव्हा एवढं करून बघा.

१. तिकिटं मोजू नका, माणसं मोजा. एकाच कस्टमरची त्याच विषयाची ३० दिवसांतली सगळी तिकिटं एकत्र बांधा. पहिला फोन ते शेवटचं क्लोज, हा खरा वेळ. जोडणी शंभर टक्के अचूक होणार नाही, पण आहे त्यापेक्षा खूप खरी असेल.

२. उघड्या तिकिटांचं वय वेगळं दाखवा, आणि सगळ्यात वर दाखवा. सगळ्यात जुनी दहा तिकिटं नंबरासकट.

३. सरासरीच्या शेजारी मिडियन आणि नव्वदावा पर्सेंटाईल टाका. शंभरातले शेवटचे दहा किती भोगतायत ते कळतं.

४. क्लोज झाल्यावर सात दिवसांत परत आलेल्या तक्रारी मोजा. हा एक कॉलम घाईघाईनं झाकलेलं बरंच काही उघडं करतो.

५. एजंटचं नाव रिपोर्टमधून काढा. टीमचा आकडा पुरतो. ज्याच्या पगाराला आकडा बांधलात, तो आकडा सांभाळणार, कस्टमर नाही.

हे मी कुणाच्या वर बसून सांगत नाहीये. मागच्या वर्षी पहिल्या नंबरचा कॉलम मी एका रिपोर्टमध्ये घातला होता. मॅनेजर चांगला माणूस आहे, त्यानं बघितलं आणि म्हणाला, "अरे, बरोबर आहे तुझं, पण रिव्ह्यूमध्ये उगाच गोंधळ होईल. आत्ता काढून टाक, नंतर बघू." मी काढून टाकला. भांडलो नाही, एक मेलसुद्धा लिहिला नाही. अप्रेझल तोंडावर होतं. 'मी फक्त रिक्वायरमेंट इम्प्लिमेंट केली' हे वाक्य आपल्या धंद्यात सगळ्यांना पुरतं, मलाही पुरलं. अण्णांच्या फोनपर्यंत.

काल रात्री तो कॉलम परत जोडलाय. क्वेरी जुनीच होती, फक्त कमेंट काढली. सोबत मॅनेजरला मेल लिहिलाय की हा आकडा काढायचा असेल तर क्लायंटकडून तसं लेखी मागवून घेऊ. सोमवारी अकराला रिव्ह्यू आहे. काय होतं ते पुढच्या शनिवारी सांगतो.

असो. फार झालं भाषण. कपडे धुवायचे पडलेत आणि दुपारी पाणी जातं.